गावाबाहेरचा पडका घुमट वाचवायचा असेल तर

गावाबाहेर तुरीच्या किंवा उसाच्या शेतात एक चौकोनी दगडी इमारत उभी असते. वर घुमट, घुमटावर पिंपळ, आत कडब्याची गंजी आणि दारात बांधलेली शेळी. गावात तिला कुणी 'रोजा' म्हणतं, कुणी 'पीर', कुणी नुसतं 'घुमट'. आत कुणाला पुरलंय ते सांगणारं माणूस बहुतेक वेळा राहिलेलं नसतं. अहिल्यानगरच्या आसपास, खुलताबादच्या डोंगरावर, जुन्नरच्या हापूसबागेकडे गेलात की असे निजामशाही काळातले घुमट एकामागून एक दिसू लागतात. त्यातले मोजकेच सरकारी यादीत आहेत. बाकीचे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या भरवशावर उभे आहेत.

हे 'त्यांचं' आणि ते 'आपलं' अशी वाटणी इथल्या दगडाला ठाऊक नाही. १६२४च्या भातवडीच्या लढाईत मलिक अंबर आणि शहाजीराजे एका बाजूला होते, तर लखुजी जाधव मोगलांच्या चाकरीत, म्हणजे समोर होते. पुढे अंबरला खुलताबादला घुमटाखाली विसावा मिळाला आणि लखुजींची सिंदखेडराजाची समाधीही घुमटाचीच झाली. कमान वळवण्याची रीत तीच आणि चुनाही तोच. म्हणून खाली जे सांगतोय ते मकबऱ्याला जेवढं लागू आहे, तेवढंच त्या काळच्या समाधीला आणि देवळाच्या घुमटालाही.

ज्यांनी आजवर कधी चुन्याला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा कामांवर गवंड्यांसोबत वावरताना एक गोष्ट मनात पक्की बसली: घुमटाला पावसापेक्षा उत्साही माणसांनी जास्त इजा केली आहे. सिमेंट, टाइल्स, ऑइल पेंट या सगळ्यांमागे हेतू चांगलाच होता. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांत कुदळही नाही आणि थापीही नाही.

पहिली पायरी: इमारत कुणाची आहे ते शोधा

स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असेल तर १९५८चा कायदा लागतो. २०१०च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येतं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. 'आम्ही दुरुस्तीच करत होतो' हे उत्तर तिथे चालत नाही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६०चा वेगळा कायदा आहे, आणि ती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असतात. अशी स्मारकं संस्थांना देखभालीसाठी दत्तक घेता यावीत म्हणून राज्याची 'महाराष्ट्र वैभव' योजनाही आहे.

दोन्ही याद्यांत नाव नसेल तर तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात जा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. मराठवाड्यात हैदराबादच्या निजामाच्या काळचा मुंतखब (इनामाचा दाखला) आणि खिदमतमाश, म्हणजे कबरीच्या किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेल्या इनामाची नोंद सापडू शकते. तशी नोंद असेल तर जागा वक्फची असण्याची शक्यता मोठी, आणि मग वक्फ मंडळ आणि मुतवल्ली (त्या जागेचा कारभार पाहणारा) यांच्या संमतीशिवाय पुढे जायचं नाही. खासगी शेतात असेल तर शेतकऱ्याशी बोला. त्याला वाटणारी भीती अगदी खरी असते: 'उद्या सरकार माझी जमीन घेईल.' तो प्रश्न टाळू नका. त्याच्यासोबत बसून कागद वाचा. तो सोबत आला तर निम्मं काम झालं म्हणून समजा, कारण वर्षाचे ३६५ दिवस तिथे तोच असणार आहे.

मग ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव घ्या. काम लेखी असलं की अफवांना जागा उरत नाही. अफवा बहुधा गुप्तधनाचीच असते. अमावास्येच्या रात्री कबरी उकरणारे लोक आजही आहेत, आणि कित्येक थडग्यांच्या फरशा त्यांनीच उचकटल्या आहेत. काम करताना एखादं नाणं जरी सापडलं तरी पंचनामा करून ते तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचतं करा.

दुसरी पायरी: कबरीचा अदब शिका

चपला बाहेर काढा. कबर ओलांडून जाऊ नका, तिच्यावर बसू नका, तिच्यावर हत्यारं ठेवू नका. गावात मुजावर, म्हणजे कबरीची सेवा करणारा, असेल तर पहिला नारळ आणि पहिला शब्द त्याचा. दर गुरुवारी कुणी दिवा लावायला येत असेल तर काम त्या वेळेभोवती आखा, त्या माणसाला बाजूला व्हायला लावू नका. बिदरजवळ अष्टूरला अहमदशाह वलीचं थडगं आहे. बहमनी सुलतान तो, वारला १४३६ साली, आणि त्याच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघंही जातात. इमारत टिकते त्यामागे अशी येणारी-जाणारी माणसंही असतात.

आवारात विखुरलेले दगड ओळखायला शिका. पुरुषाच्या कबरीच्या दगडावर मधोमध लांबट उंचवटा असतो, त्याला कलमदान म्हणतात. बाईच्या कबरीवर सपाट तख्ती असते. हे दगड पायरीला लावलेले, धुण्याला वापरलेले मी पाहिले आहेत. एकही दगड हलवण्याआधी तो आत्ता कुठे पडलाय त्याचा फोटो घ्या. आणखी एक: वर जे दिसतं तो बहुतेक वेळा नुसता आकार असतो, खरी कबर खाली तळघरात किंवा जमिनीत असते. आसपास खूण नसलेल्या कबरी असू शकतात. म्हणून चर खोदायचा असो वा खांब रोवायचा, पुरातत्त्वाच्या माणसाशिवाय जमीन खणायची नाही.

तिसरी पायरी: नोंद, आणि किमान एक पावसाळा

चारही बाजूंचे, आतल्या चारही भिंतींचे, छताचे आणि प्रत्येक कोनाड्याचे फोटो काढा. प्रत्येक फोटोत मोजपट्टी दिसू द्या. दोरी, टेप आणि ओळंबा एवढ्यावर साधा आराखडा होतो. जवळच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयाला विचारा; विद्यार्थ्यांना असं काम हवंच असतं.

शिलालेख असेल तर त्यावर खडू फिरवू नका, तेल किंवा पाणी लावू नका. संध्याकाळी अंधारात बॅटरी एका बाजूने तिरपी धरा आणि फोटो घ्या. दिवसा न दिसणारी अक्षरं सावलीमुळे वर येतात. फारसी-अरबी लेखांसाठी भारतीय पुरातत्त्व खात्याची शाखा आपल्या नागपुरातच आहे. वाचन त्यांच्याकडून होऊ द्या. गावातल्या ऐकीव अर्थावरून फलक रंगवण्याची घाई नको.

तड्यांची वही करा. प्रत्येक तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुल्या करा, त्यांच्यातलं अंतर मोजा, तारीख लिहा. दर महिन्याला त्याच वेळी, शक्यतो सकाळी, पुन्हा मोजा. घुमटाच्या पायथ्यापासून वर जाणारे उभे तडे बघून नवखा माणूस घाबरतो. घुमट स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला फाकू पाहतो, त्यामुळे असे तडे बऱ्याच जुन्या घुमटांना असतात, आणि कित्येक तडे शे-दोनशे वर्षं तसेच स्थिर असतात. वाढत नसलेला तडा आजारी नसतो. पण भिंतीच्या कोपऱ्यातून तिरपा उतरणारा तडा, पावसाळ्यात रुंदावणारा तडा किंवा कमानीचा खाली सरकलेला मधला दगड दिसला तर तिथेच थांबा. खालची ये-जा बंद करा आणि जुन्या बांधकामांचा अनुभव असलेल्या अभियंत्याला बोलवा. तिथे टेकू लावणंही नवख्याचं काम नव्हे.

पावसाळ्यात मुद्दाम जा, मुसळधार पाऊस चालू असताना. पाणी कुठून आत येतं, कुठे साचतं, भिंतीवरून कुठे ओघळतं हे त्या तासाभरात कळतं. कोरड्या दिवसांत दहा फेऱ्या मारल्या तरी ते कळत नाही.

चौथी पायरी: पाणी

आपला काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही. पाणी आत शिरतं ते दोन दगडांमधल्या सांध्यातून. त्यामुळे दख्खनच्या घुमटात दगड सहसा मरत नाही, दगडामधला चुना मरतो. चुना वाहून गेला की दगड मोकळे होतात, मुळं आत शिरतात आणि मग एका पावसात कोपरा ढासळतो. गावकरी म्हणतात 'काल पडला'. पडायला सुरुवात चाळीस वर्षांपूर्वी झालेली असते.

वरून खाली तपासत या. घुमटाच्या शेंड्यावरचा कळस चोरीला गेला असेल तर तिथे भोक उरतं आणि पाणी थेट घुमटाच्या पोटात उतरतं. तात्पुरतं तरी ते झाका. मग घुमटाभोवतीची गच्ची पाहा. कठड्याच्या तळाशी दगडी पन्हाळी असतात. त्या माती, पारव्यांची विष्ठा आणि गवताने बुजलेल्या असतात. त्या नुसत्या मोकळ्या केल्या तरी पुढच्या पावसाळ्यात आतली ओल निम्म्याने कमी झालेली मी पाहिली आहे. खर्च शून्य. पण वर चढण्याआधी गच्ची वजन पेलते का ते जाणकाराकडून बघून घ्या, आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय चढू नका.

आता खाली या. शेतातली माती वर्षानुवर्षं जोत्यावर चढते आणि भिंतीचा पाय ओला राहतो. ओल वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून गेलं की क्षार तिथेच फुलतात आणि गिलाव्याचा भुगा करतात. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो. आत युरियाची पोती ठेवलेली असतील, शेळ्या बांधलेल्या असतील तर लोणा दुप्पट जोराने लागतो, कारण खत आणि मूत्र म्हणजे क्षारच. पोती आणि शेळ्या दुसरीकडे हलवायला शेतकऱ्याला पर्याय द्या. चार पत्र्यांची शेड बांधून दिली तर ते या कामातलं सर्वांत स्वस्त संवर्धन ठरेल.

आणि कळकळीने सांगतो, आत टाइल्स बसवू नका, भोवती पेव्हर ब्लॉक घालू नका. जमिनीतली ओल पूर्वी मातीच्या किंवा चुन्याच्या फरशीतून सावकाश हवेत जायची. टाइल्सनी ती वाट बंद झाली की ओलीला एकच वाट उरते, ती म्हणजे भिंत. देणगीदाराचं नाव कोरलेल्या चकचकीत फरशीमुळे पाच वर्षांत भिंतीचा गिलावा छातीच्या उंचीपर्यंत गळून पडलेला मी बघितलाय.

पाचवी पायरी: पिंपळ

पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं. पिंपळ, वड आणि उंबर हे तिघे नेहमीचे. बोटभर रोप असताना, पाऊस पडून गेल्यावर ओल्या चुन्यातून ते हाताने अलगद निघतं. दरवर्षी घट बसण्याआधी एक फेरी मारून अशी रोपं काढली तर पुढचं सगळं वाचतं.

झाड मोठं असेल तर ओढू नका. सुरुवातीच्या दिवसांत एका कामावर आम्ही दोर बांधून मनगटाएवढा पिंपळ ओढला. मुळाबरोबर छज्ज्याचे तीन दगड खाली आले. नशिबाने खाली कुणी नव्हतं. ते दगड पुन्हा बसवले, पण त्यांची मूळची बैठक गेली ती गेलीच. मूळ आणि दगड एकमेकांना धरून उभे असतात हे मला त्या दिवशी समजलं.

रीत अशी: फांद्या वरून खाली थोड्या थोड्या कापायच्या आणि दोरीने उतरवायच्या. बुंधा वीतभर ठेवायचा. बुंध्याला मुळं मारण्याचं औषध लावायचं ते संवर्धनाचं काम करणाऱ्याच्या सल्ल्यानेच. तेजाब, डिझेल, मीठ यांतलं काहीही नाही, कारण ते सगळं भिंतीत उतरतं. मूळ पूर्ण सुकलं की जेवढं सहज निघेल तेवढं तुकड्यातुकड्याने काढायचं, उरलेलं आतच राहू द्यायचं आणि पोकळी पातळ चुन्याने भरायची. पुढचे दोन-तीन पावसाळे फुटवा येतो का त्यावर लक्ष ठेवायचं. झाडाला कुणी पूजत असेल, दोरा बांधत असेल, तर आधी त्यांच्याशी बोलणं. फांदीचं कलम करून ते गावात दुसरीकडे लावलं की बहुतेक माणसं राजी होतात.

सहावी पायरी: चुना

सिमेंट का नको? ते जुन्या चुन्यापेक्षा कितीतरी कडक असतं आणि ओल बाहेर जाऊ देत नाही. ऊन-थंडीने भिंत हलते तेव्हा चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट अडून राहतं आणि शेजारचा नाजूक भाग फोडतं. शिवाय ते आपले क्षार भिंतीत सोडतं. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या छतावरून आधीच्या दुरुस्त्यांत चढवलेलं सुमारे १० लाख किलो काँक्रीट उतरवावं लागलं. हैदराबादला कुतुबशाही मकबऱ्यांवरही २०१३पासूनच्या कामात सिमेंटचे थर काढून चुना परत आणला गेला. एवढ्या मोठ्या इमारतींना जे झेपलं नाही ते आपल्या गावातल्या घुमटाला झेपणार नाही. पण आधीच मारलेलं सिमेंट छिन्नीने उपटायला लागू नका. जे सैल आहे तेवढंच काढा. दगडाला घट्ट धरून बसलेलं उपटताना दगडाची कड जाते.

आधी जुना चुना ओळखा. खाली पडलेला ढेकूळ घ्या, भिंतीतून उकरू नका. तो फोडून बघा: वाळू जाड आहे की बारीक, लालसर सुरखी (विटेची भुकटी) आहे का, चुन्याचे पांढरे ठिपके किती आहेत. एक तुकडा प्रयोगशाळेत द्या. आम्लात चुना विरघळून वाळू-सुरखी खाली राहते आणि प्रमाण कळतं.

नवा चुना भट्टीवरून कळीचाच, म्हणजे भाजलेला पण अजून पाणी न लागलेला, आणा. पिशवीतली पांढरी पूड रंगकामाची असते, आणि बऱ्याचदा ती हवेने अर्धी मेलेली असते. चांगली कळी पाण्यात टाकली की थोड्याच वेळात सुसू करत फुटते, उकळते आणि तळाशी कच्चे खडे फारसे उरत नाहीत. हौदात आधी पाणी आणि त्यात कळी, हा क्रम कधीही उलटा करू नका. उडालेला चुना डोळा घालवतो. चष्मा, हातमोजे आणि गमबूट घाला, मुलं लांब ठेवा, डोळे धुवायला स्वच्छ पाण्याची बादली जवळ असू द्या. विरलेला चुना चाळून पाण्याखाली किमान पंधरा दिवस, जमल्यास महिना-दोन महिने ठेवा. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद, मेथी यांच्या कृतींवर लोक तासन्‌तास बोलतात. त्यांना अर्थ आहे, गुळा-बेलाने चुना चिकट होतो आणि हाताखाली चांगला वागतो. पण चुना नीट विरला नसेल, वाळू मातकट असेल आणि नंतर पाणी मारलं नसेल, तर गुळाची ढेप ओतूनही उपयोग नाही. नवख्याने आधी या तीन गोष्टी सांभाळाव्यात. दख्खनचे गवंडी ज्याचा चुना भाजायचे ती चुनखडी काळ्या मातीत खड्यांच्या रूपात मिळते. कोकणातला शिंपल्यांचा चुना वेगळा. दोन्हीची सरमिसळ करू नका.

साधारण एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग वाळू-सुरखी इथून सुरुवात करा. मिश्रण चुना मळायच्या घाणीवर दळा; घाणी नसेल तर लाकडी मुसळाने इतकं कुटा की वेगळं पाणी न घालता ते मऊ होईल. मग थेट भिंतीवर जाऊ नका. उत्तरेच्या, लपलेल्या कोपऱ्यात हातभर जागेवर तीन-चार नमुने लावा, प्रत्येकावर तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. जो तडकला नाही, पुसला गेला नाही आणि जुन्यापेक्षा कडक झाला नाही, तोच तुमचा.

दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरताना सांधा आधी लाकडी काडीने आणि मऊ ब्रशने साफ करा, मग चांगला भिजवा. कोरडा दगड चुन्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना भुसभुशीत राहतो. बोटाच्या पेरापेक्षा जाड थर एकदम नको. खोल सांधा दोन-तीन दिवसांच्या अंतराने भरा, त्यात दगडाच्या कपच्या ठोका. चुना दगडाच्या कडेपेक्षा किंचित आतच ठेवा. भोवती पांढऱ्या पट्ट्या काढून दगडाचं चित्र करू नका. वर ओलं गोणपाट लटकवा आणि किमान दोन आठवडे ते वाळू देऊ नका. चुना हवेतून हळूहळू पुन्हा दगड बनतो, आणि त्याला ओल लागते. म्हणून काम दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. उन्हाळ्यात चुना भाजतो आणि पावसाळ्यात वाहतो.

गवंडी कुठून आणायचा? आजूबाजूच्या वाड्यांत, देवळांत चुन्याचं काम केलेली वयस्कर माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांना मानाने बोलवा, आणि त्यांच्या हाताखाली गावातली दोन तरुण पोरं द्या. पाथरवटाला तुटलेला दगड दाखवण्याआधी अष्टूरला घेऊन जाता आलं तर पाहा. तिथे हुमायून शाह बहमनीच्या थडग्याचा अर्धा घुमट कोसळलेला आहे आणि उरलेल्या अर्ध्यात घुमटाची जाडी, आतली रचना उघडी दिसते. घुमट कसा उभा राहतो हे त्याहून स्पष्ट शिकवणारी जागा मला माहीत नाही.

सातवी पायरी: साफसफाई

ही पायरी सगळ्यांना पहिली हवी असते. वटवाघळांची आणि पारव्यांची विष्ठा कोरडी झाडू नका, तिच्या धुळीने छातीचे आजार होतात. मास्क लावा, पाणी शिंपडा आणि मग खरवडा. दगडावर साधं पाणी आणि काथ्याचा मऊ ब्रश पुरेसा. तेजाब, तारेचा ब्रश, जोराचा फवारा आणि पॉलिश मशीन यांतलं काहीही नको. चुन्याच्या सफेदीचे थर असतील तर ते खरवडू नका, खाली गचकाम (चुन्यातलं नक्षीकाम) किंवा रंगकाम दडलेलं असू शकतं. दिव्याच्या काजळीखाली चित्रं असण्याचा संभव असेल तर तिथे ओलं फडकंही लावू नका, तज्ज्ञाची वाट पाहा. हिरवा ऑइल पेंट मारलेला असेल तर नवा थर थांबवा, जुना काढण्याचं काम जाणत्यावर सोडा.

त्यानंतर

काम संपल्यावर वही मुजावराकडे किंवा शेतकऱ्याकडे ठेवा आणि तिच्यात चार तारखा आधीच लिहून द्या. मेअखेरीस पन्हाळी मोकळ्या करायच्या. पहिल्या मोठ्या पावसात आत जाऊन ओल कुठे आली ते बघायचं आणि पेन्सिलीने खूण करायची. घटस्थापनेआधी रोपं काढायची. उरुसाच्या किंवा दिवाळीच्या सुमारास, घुमटावर मूळचा चुन्याचा गिलावा असेल तर त्यावर पातळ चुन्याचे दोन हात द्यायचे आणि तड्यांच्या फुल्या पुन्हा मोजायच्या. हौदात उरलेला विरलेला चुना फेकू नका. वर चार बोटं पाणी ठेवून तो तसाच झाकून ठेवा, पुढच्या वर्षी तो आजच्यापेक्षा चांगला असेल.